नकाराचा दात

१

रविवारची प्रार्थना संपवून आम्ही बाहेर आलो, तेव्हा रातूंच्या घराचं दार उघडं होतं. त्यात काही नवल नाही, नामारा बेटावर दारं असतातच मुळी उघडी ठेवायला. पण आतली लाकडी पेटीही उघडी होती, आणि पेटीतला दात गेला होता.

देवमाशाचा दात. वीतभर लांब, पिवळट, काथ्याच्या दोरीत ओवलेला.

एका दातापायी मी म्हातारीने एवढा गळा का काढला, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. आमच्याकडे मोठं काही मागायचं असेल, तर समोरच्यापुढे दात ठेवून मागतात. मुलगी मागायची, माफी मागायची, जमीन मागायची, सगळ्याला दात. तो ठेवून घेतला की हो झालं. नाही म्हणायचं असेल, तर तोच दात त्याच माणसाच्या हातात परत द्यायचा. नुसतं तोंडाने नाही म्हणून भागत नाही.

हा दात ठेवला होता पलीकडच्या हॉटेलच्या क्लाइव्हने. त्याच्या कंपनीला आमची दक्षिणेची खाडी हवी होती. तिथे कासवं अंडी घालतात, तिथली मासेमारी आम्हीच बंद ठेवली आहे, आणि मोठ्या बोटींना वाट हवी म्हणून कंपनीला तिथलं पोवळं फोडायचं होतं. आमचे रातू म्हणजे गावचे प्रमुख. त्यांनी दात हातात घेतला नाही, नुसता सभेपर्यंत पेटीत ठेवायला लावला. म्हणाले, "मंगळवारी सभा बसेल. मग काय ते सांगू."

सांगणार काय होते, ते शेंबडं पोरही जाणत होतं. रातूंच्या आजोबांनी असाच एक दात ठेवून घेतला आणि उत्तरेचा किनारा गेला. आज त्या किनाऱ्यावर आम्ही जातो, नाही असं नाही. पाहुण्यांच्या चादरी बदलायला जातो. त्यावरच पोट चालतं, म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि आता परत करायचा दातच नाही! म्हणजे मंगळवारी नाही म्हणता येणार नाही, म्हणजे खाडी गेली.

"माका," रातू मला म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तू पोलिसात होतीस ना? मग बघतेस काय नुसती?"

मी मोठ्या बेटावर लाऊतोकाच्या बाजारात हवालदार होते, पाकीटमार धरायचे. पण रातू माझे मामेभाऊ. आमच्याकडे आते-मामेभावंडांत थट्टा चालते, आणि खरं तर थट्टा करायलाच हवी. "पाकीट असतं तर लगेच शोधलं असतं," मी म्हटलं. "दाताची सवय नाही मला. तुझे स्वतःचे तरी किती उरलेत?"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

वादळ होऊन गेलं होतं. धक्का मोडला होता, रेडिओचा खांब आडवा झाला होता, समुद्र असा खवळलेला की होडी घालायची कुणाची छाती नव्हती. बाहेरचं कुणी आलं नव्हतं, इथलं कुणी गेलं नव्हतं. दात बेटावरच होता आणि चोरही. आम्ही सगळे एकाच टोपलीतले खेकडे.

तेवढ्यात मागच्या खोलीतून केलेराआजीचा आवाज आला. "मला विचारा की! मी ऐकलंय सगळं."

२

केलेराआजी रातूंची चुलती. डोळे गेले, पाय गेले, कान मात्र असे की चटईवरून मुंगी चालली तरी हिला कळावी. प्रार्थनेला तिला नेत नाहीत, त्याचा तिला भारी राग.

"तुम्ही तिकडे देवाची गाणी बेसूर करत होतात," ती म्हणाली, "तेव्हा इकडे पेटीचं झाकण वाजलं. आणि उनाइसी बोलली."

उनाइसी म्हणजे रातूंची सून. ती जेवणासाठी मागे राहिली होती.

"काय बोलली?"

"म्हणाली, त्याला सांग, असं नको करू. मग म्हणाली, त्याला सांग, हे कुणाच्या तरी गळ्याशी येईल. रडत होती गं."

"आणि समोरचा काय म्हणाला?"

"शब्द नाही. एकाच माणसाचे पाय आले, एकाच माणसाचे पाय गेले. पुरुषाचे. जड."

ओसरीवर बसलेल्या बायाबापड्यांनी लगेच गणित मांडलं. उनाइसी कुणाला तरी सांगत होती, 'त्याला सांग'. म्हणजे आलेला माणूस निरोप्या. 'तो' म्हणजे ज्याने पाठवलं तो. दात हरवून फायदा कुणाचा? क्लाइव्हचा. आणि क्लाइव्हचे निरोप घेऊन रातूंच्या घरी कोण येतं-जातं?

"जोलामे," कुणीतरी म्हणालं.

जोलामे माझ्या भावाचा मुलगा. हॉटेलच्या पाहुण्यांना पोवळी दाखवायला पाण्यात नेतो, हसतो, हसवतो. आणि प्रार्थनेला तो नव्हता.

त्याला आणलं. तो म्हणाला, मी वर डोंगरावर होतो, वादळात पाण्याचा नळ तुटला तो जोडत होतो. कुणी पाहिलं? कुणी नाही, सगळे तर प्रार्थनेला.

रातू उठून उभे राहिले. "मंगळवारच्या सभेपर्यंत दात सापडला नाही, तर पहिली बोट येईल तिच्यातून जोलामे जाईल. नामाराला परत पाय लावायचा नाही. कुळातून नाव काढलं जाईल."

तुमच्याकडे गाव सुटलं तर माणूस दुसऱ्या गावी जातो. आमच्यात कुळातून नाव गेलं की जमीन गेली, घर गेलं, मेल्यावर पुरायची जागासुद्धा गेली. जोलामे माझ्याकडे बघत राहिला. "आत्या, तूही?"

"मी काय? मी अजून काही बोललेय का मेल्या?" मी ओरडले. राग त्याच्यावर नव्हता.

३

उनाइसी कसाव्याचे कंद सोलत होती. तिची सहा वर्षांची पोर, लेबा, शेजारी बसून सालींची नाव करत होती. मी पोरीला बाहेर पिटाळलं.

उनाइसीची गोष्ट साऱ्या बेटाला ठाऊक. रातूंच्या मुलाबरोबर पळून आली. ना तिच्या माहेरच्यांना विचारलं, ना त्यांनी कधी क्षमा केली. तिकडून कुणी कधी आलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी नवरा समुद्रात गेला, तो गेलाच. आता तिला परत न्यायचं तर माहेरच्यांनी दात घेऊन यायला हवं आणि तिला मागायला हवं. नाहीतर ती जाऊ शकते, पण पोर इथेच राहील. पोरीला सोडून कोण जाईल? आणि माहेरी कुठला दात असायला! तिच्या मामाने होता तोही कधीच विकून खाल्ला होता.

"उनाइसी, कोण आलं होतं?"

तिने कंदाचं आणखी एक साल काढलं.

"जोलामे होता का?"

"जोलामे नव्हता, आत्याबाई. देवाशपथ नव्हता."

"मग तू कुणाशी बोलत होतीस?"

तिने वर पाहिलं. डोळे सुजलेले. "भांड्याशी."

"मी तुझ्या सासऱ्यांची आतेबहीण लागते, थट्टा नको करूस."

"थट्टा नाही. भांड्याशीच बोलत होते."

असा राग आला मला! एका पोराचा जन्म उठवायची वेळ आली आणि ही बया मला उलटी उत्तरं देते. "तू तोंड उघडलं नाहीस तर जोलामे जाईल, कळतंय ना?"

"तोंड उघडलं तर दुसरं कुणीतरी जाईल," ती म्हणाली. "आणि मी मात्र इथेच राहीन. काहीही झालं तरी मी इथेच. चारी बाजूंनी पाणी."

मग तिने पुढचा कंद सोलायला घेतला.

४

क्लाइव्ह हॉटेलच्या ओसरीवर फुटलेल्या खिडक्यांना फळ्या ठोकत होता. मुक्कामाला दोनच पाहुणे उरले होते, नवरा-बायको. दोघं वाळूत उभे राहून बोटीची वाट बघत होते. पहिल्या दिवशी त्यांना मौज वाटली, आता एकमेकांशी बोलतही नव्हते.

"मी कशाला चोरू माकेरेता?" क्लाइव्ह म्हणाला. "पुढच्या बाकावर बसून मी तुमच्याबरोबर गात होतो. सगळ्यांनी ऐकलंय."

हे खरं होतं. ते गाणं विसरू म्हटलं तरी विसरता येण्याजोगं नव्हतं.

"दुसऱ्याकडून करवलं असशील."

"नाही." मग तो हळूच हसला. "पण हरवलाच असेल तर... रीत तुमची आहे, माझी नाही. दात परत आला नाही म्हणजे होकार. मी तर फक्त रीत पाळतोय."

मला त्याच्या डोक्यात तोच हातोडा घालावासा वाटला. पण चाळीस वर्षं चोर बघितलेत मी. चोर इतका मोकळा खूश होत नाही, त्याला आधी भीती वाटते. हा नुसता खूश होता. आयतं घबाड सापडलेल्या माणसासारखा.

मग उरला कोण? त्या वेळी प्रार्थनेला नसलेला आणखी एकच पुरुष होता. हॉटेलचा नवा नावाडी, रुपेनी.

५

रुपेनी वादळाच्या आधी महिनाभर कामाला लागलेला. कुठल्या तरी लांबच्या बेटावरचा, म्हणे. बोलघेवडा, खोडकर, बायकांचा लाडका. मी गेले तेव्हा उलट्या होडीला टेकून मांडीवर काथ्या वळत बसला होता.

"या आजी! अटक करायला आलात? बेड्या आणल्यात का, की हात धरून नेणार?"

"मेल्या, तुझा हात धरायला मला काय वेड लागलंय? प्रार्थनेच्या वेळी कुठे होतास?"

"इथेच. होडीतलं पाणी उपसत होतो. माझी साक्ष द्यायला ते खेकडे आहेत, पण ते आडवे चालतात, त्यांचं कोण ऐकणार!"

मी हसले. हसू येतंच त्याच्याकडे बघून. "आणि ही दोरी कशाला?"

"नांगराला."

नांगराला एवढी बारीक दोरी? मी त्याच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

"हळद कशाची?"

"पाय कापला, लावली," तो म्हणाला. पायावर जखम होती खरी. जुनी, सुकलेली.

तेवढ्यात माडांमधून उनाइसी कपड्यांचे पिळे घेऊन आली. आणि हा बडबड्या रुपेनी एकदम मुका झाला. मान खाली, पाठ तिच्याकडे. तीही गेली ती मान खाली घालून, वाट सोडून, ओल्या वाळूतून लांबचा वळसा घेत. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

असं आहे होय, मी मनात म्हटलं. तरणी विधवा आणि गोड बोलणारा नावाडी. गावात कुजबूज होतीच. पण प्रेमातल्या माणसांचं कोडं मला सुटेना. हा तिचा यार असेल, तर हिने त्याला सरळ 'असं नको करू' म्हटलं असतं. 'त्याला सांग' कशाला? निरोप कुणाचा, कुणाला? केलेराआजी म्हणते पाय एकाचेच. उनाइसी, निरोप्या आणि तो. तिसरा माणूस काही केल्या हाती लागेना. साप साप म्हणून नुसती भुई धोपटत होते मी.

सोमवार तसाच गेला.

६

मंगळवारी सकाळी इसिरेली माझ्या अंगणात आला. इसिरेली माझा सख्खा भाऊ, जोलामेचा बाप. माझ्या घरी तो कधी येत नाही, आला तरी मी घरात असताना आत येत नाही. या दोन दिवसांत मीही त्याला काही विचारायला गेले नव्हते. आमच्यात तसं चालत नाही.

तो माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसला. तिथे माझा म्हातारा कुत्रा पडला होता. इसिरेलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय रे," तो कुत्र्याला म्हणाला. "तिला सांग, पोराने नाही केलं."

मी दारात उभी होते. माझे डोळे भरून आले. "त्याला सांग," मीही कुत्र्यालाच म्हटलं, "मला ठाऊक आहे."

"तिला सांग, पोर रात्रभर जेवलेलं नाही. म्हणतं, जायचंच आहे तर पोहत जाईन."

"त्याला सांग, पोराला बांधून ठेव, पण संध्याकाळपर्यंत थांबव. त्याला सांग..."

आणि मी कुत्र्याकडे बघितलं.

त्याला सांग. त्याला सांग. इथे मी होते, माझा भाऊ होता आणि एक बहिरा कुत्रा. तिसरं माणूस कुठे होतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मीच घातला! चौदाव्या वर्षापासून मी भावाशी असंच बोलत आलेय. अंगणात असेल तर कोंबडीशी, स्वयंपाकघरात असेल तर चुलीशी. वयात आलेली बहीण आणि भाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत, एकमेकांसमोर चावट हसत नाहीत, वाटेत भेटले तर वाट सोडतात. इतकं अंगवळणी पडलंय की दिसतही नाही. भांड्याशी बोलत होते, असं ती पोर मला सरळ सांगत होती, आणि मी तिला उर्मट ठरवलं.

पण उनाइसीला या बेटावर भाऊ नाही. सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"त्याला सांग," मी कुत्र्याला म्हटलं, "चप्पल घालतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार नाही मी."

७

खात्री करायची होती. तशीच किनाऱ्यावर गेले. रुपेनीभोवती हॉटेलच्या तिघीचौघी पोरी जमल्या होत्या आणि हा त्यांना हसवत होता.

"काय रे रुपेनी," मी मोठ्याने म्हटलं, "आमच्या उनाइसीकडे लाजून बघतोस म्हणे! अरे, बघतोस काय, तिची चटई रात्रीची गार पडते. जाऊन जरा..." पुढचं मी इथे सांगत नाही. बाजारात नोकरी केलेली बाई आहे मी, बोलायला लागले तर पोलीसचौकीसुद्धा कान झाकायची.

पोरी किंचाळून हसल्या. कुणीही पुरुष असता तर हसला असता, नाहीतर त्याने वरचढ उत्तर दिलं असतं. तिचा आतेभाऊ असता तर हसून लोळला असता.

रुपेनी उठला. तोंड आधी लाल, मग काळं. एक शब्द न बोलता तो चालत खवळलेल्या पाण्यात कमरेपर्यंत गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. लाट त्याला ढकलत होती तरी बाहेर येईना.

मला माझीच लाज वाटली. पण कळायचं ते कळलं.

८

सभेला सगळं गाव रातूंच्या मोठ्या घरात चटयांवर बसलं. मधे यंगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाची, लाकडी परात. क्लाइव्ह फुलाफुलांचा स्वच्छ सदरा घालून पुढे. जोलामे एका कोपऱ्यात, त्याच्यापासून लांब मान खाली घालून इसिरेली. दाराशी हॉटेलची माणसं, त्यात रुपेनी. बायकांमध्ये उनाइसी, मांडीवर लेबा.

"सापडला?" रातूंनी मला विचारलं.

"चोर सापडला. दात तोच देईल." मी उभी राहिले. "रातू, आपण सगळे तिसऱ्या माणसाला शोधत होतो. तिसरं माणूस नव्हतंच. त्या घरात दोघंच होती. उनाइसी ज्याला निरोप सांगत होती तो समोरच उभा होता, पण तिला त्याच्याशी थेट बोलता येत नव्हतं. म्हणून ती भांड्याशी बोलली. आता सांगा, कुठल्या पुरुषाशी आपली बाई भांड्याआडून बोलते?"

केलेराआजी मागून ओरडली, "अगं बाई! भाऊ!"

"तिला भाऊ नाही," रातू म्हणाले.

"सख्खा नाही. मावशीची मुलं काय आपल्यात परकी असतात? तीही सख्खीच. मावसभाऊ असणार तो. तिच्या माहेराशी आपलं वाकडं. तिकडचा माणूस दात घेतल्याशिवाय इथे आला तर अपमान, म्हणून लांबच्या बेटाचं नाव सांगून नावाडी झाला. तिला न्यायला आलाय, क्लाइव्हसाठी नाही. इथून दात न्यायचा, हळद-तेल लावून रंग बदलायचा, दोरी नवी ओवायची आणि सगळ्यांदेखत परत यायचं बहिणीला मागायला. तुमच्याच पेटीतला दात तुमच्यापुढे! पण बोट आली नाही, आणि तो आपल्यासारखाच इथे अडकला. दोघं सरळ एकमेकांशी बोलली असती, तर मी आजही आंधळी राहिले असते. पण चोरी करतानाही त्यांना रीत मोडवली नाही."

उनाइसीने ओंजळीत तोंड लपवलं.

दाराशी हालचाल झाली. रुपेनी गुडघ्यांवर पुढे सरकत आला. कुणी त्याला धरायच्या आत त्याने सदऱ्याखालून दात काढला. अंगावरच बाळगला होता. हळदीने सोन्यासारखा झालेला, नव्या दोरीत. दोन्ही हातांवर धरून त्याने तो रातूंच्या पुढे केला आणि मागणीचे शब्द म्हणायला सुरुवात केली.

दात पुढे केलेला असताना मधे बोलता येत नाही, तो चोराच्या हातात असला तरी.

"आमची बहीण अविचाराने आली, त्याची क्षमा मागतो," रुपेनी म्हणाला. त्याचा आवाज फाटत होता. "तुमचा मुलगा गेला, त्याचं दुःख आमचंही आहे. आमच्याकडे द्यायला काही नाही. बहीण आणि तिची लेक आम्हाला परत द्या. आणि ज्याच्यावर माझ्यामुळे आळ आला, त्याच्यापुढेही हा दात."

जोलामे तोंड वासून बघत होता. इसिरेली रडत होता.

"अहो, तो माझा दात आहे!" क्लाइव्ह ओरडला.

"चोरीचा दात मी घेत नाही," रातू सावकाश म्हणाले. त्यांचा हात मांडीवरच होता. आणि मला त्यांच्या मनातलं दिसलं, कारण लहानपणापासून बघतेय मी या माणसाला. त्यांना चोरीचं काही नव्हतं. दात घेतला तर लेबा जाणार होती. मेलेल्या मुलाची एवढीच खूण त्यांच्या घरात उरली होती.

मला बोलायचा अधिकार नव्हता. पण मामेभावाशी थट्टा करायचा अधिकार मला कुणी काढून घेऊ शकत नाही.

"चोरीचा म्हणे!" मी म्हटलं. "आणि क्लाइव्हने काय देवमाशाच्या तोंडात हात घालून काढला होता? लाऊतोकाच्या गहाणाच्या दुकानातून आणलाय. कुण्या तरी गरिबाच्या घरातून गेलेला. तुझा दात, माझा दात, दाताला काय गोत्र असतं? कुणी पुढे केला आणि काय मागितलं, एवढंच बघतात. कंपनी खाडी मागतेय. हा पोरगा बहीण मागतोय. काय द्यायचं ते तू ठरव, बाबा. पण हात मांडीवर ठेवून बसलास तर क्लाइव्हला परत करायला तुझ्या हातात काय राहील?"

कुणी हसलं नाही. लेबा तेवढी म्हणाली, "आजोबा, घ्या ना. पिवळा आहे."

रातूंनी हात पुढे केला. दात घेतला, कपाळाला लावला.

"मागणी मान्य," ते म्हणाले. "आई आणि लेक, दोघी."

उनाइसीचा हुंदका सगळ्या घराने ऐकला.

मग रातू क्लाइव्हकडे वळले. तोच दात दोन्ही हातांवर घेऊन त्यांनी त्याच्यापुढे धरला. "आणि हा तुमचा. खाडी मिळणार नाही."

"पण हा तर त्याने... आत्ताच तुम्हाला दुसऱ्या कामासाठी..."

"माझ्या हातात आला, माझा झाला. आता तुम्हाला परत देतोय. रीत तुम्ही पाळताच म्हणे."

क्लाइव्हने इकडेतिकडे बघितलं. साऱ्या गावाचे डोळे त्याच्यावर. त्याला घ्यावाच लागला.

मग रातू उठले, कोपऱ्यात गेले, सगळ्यांच्या देखत जोलामेच्या शेजारी खाली बसले आणि पहिली वाटी त्याला दिली. रातूंची माफी तीच. जोलामेने ती एका दमात संपवली.

रुपेनीला शिक्षा झाली. बोट येईपर्यंत प्रार्थनाघराचं उडालेलं छप्पर त्याने एकट्याने शाकारायचं. बोट काही लगेच आली नाही. मोकळी झालेली उनाइसी रोज पहाटे उठून सासऱ्यांना चहा करत होती, आणि रातू रोज लेबाला घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसत होते. बघता बघता सगळ्यांना तेच बरं वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी समुद्र निवळला आणि बोट दिसली. पाहुणे नवरा-बायको सर्वांच्या आधी पाण्यात धावले. उनाइसीने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. रुपेनीने सामान घेतलं. लेबाला खांद्यावर बसवून जोलामेने बोटीत चढवलं.

रातू किनाऱ्यावर आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. ते समुद्राकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"बोट गेली का गं माका?"

"नाही अजून. सामान चढतंय."

"त्यांना म्हणावं, लवकर काढा," रातू म्हणाले. "आणखी थोडा वेळ थांबली तर मी हाक मारीन. आणि आता मला तसं करता येत नाही. मी दात घेतलाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. थट्टा करायला तोंड उघडलं, पण काही सुचेना. मग बाहेर इंजिन सुरू झालं.